खोली सारवून ठेवा

शाहूपुरी, कोल्हापूर
२ सप्टेंबर १९५३

बयाबाई विहीणबाईंना विठाबाईचा रामराम.

कृष्णात, हे पत्र आईला चुलीपाशी बसवून सावकाश वाचून दाखव. यातलं काही गाळायचं नाही. गेल्या खेपेला तू मधल्या दोन ओळी गिळल्यास, हे तुझ्या बहिणीनंच मला हसत हसत सांगितलं.

तर विहीणबाई, गौरी-गणपती झाले की तुमच्या लेकीला, शेवंताला, पाठवते. पोट दिसायला लागल्यापासून ती सारखी माहेरच्या वाटेकडं बघते आहे. नाचणीची भाकरी काय, करवंदाचं लोणचं काय! मी चार वर्षं हिला मटण-भाकरी रांधून घातली ती वायाच गेली म्हणायची.

आमच्या बंडूचं म्हणणं जरा वेगळं आहे. म्हणतो, "अक्का, हितं दवाखाना हाय, नर्स हाय. तिकडं डोंगरात पावसाळा सरला की हिवतापाचं दिवस. कशाला धाडायची?" पोटचा पोरगासुद्धा मला अक्काच म्हणतो, आणि बायकोचं पाऊल जड झाल्यापासून शहाणपणही शिकवतो. मी म्हटलं, तू अडतीवर गुळाची ढेप पारख, बाळंतपणं मला पारखू दे. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. उद्या तुमच्या भावकीतल्या बायका म्हणतील, कोल्हापूरकरणीनं पोरीला आईकडं जाऊ दिलं नाही. तो ठपका मी कशाला घेऊ? शिवाय दसऱ्यापासून आमचा गुळाचा हंगाम. घरात शेतकऱ्यांची ये-जा, बाळंतिणीकडं बघणार कोण? आणि हिवतापाचं म्हणाल तर शेवंता त्याच पाण्यात वाढली. लहानपणी ताप उतरला की उठून गुरांमागं पळायचो, असं तीच सांगते. तिला काय होतंय?

आता मुलाकडची म्हणून माझा हक्क बजावते. श्रावणात सरकारी माणसं पंप घेऊन आली आणि गावभर डीडीटी मारून गेली, असं कृष्णात सांगत होता. भिंतीवर ताक सांडल्यासारखे पांढरे ओघळ उठलेत म्हणे, आणि वास तर विचारू नका. माझी सून त्या भिंतीकडं बघत महिनाभर पडणार नाही. पडवीतली खोली सारवून ठेवा. शेणामातीचा चांगला जाड हात द्या, एक डाग दिसता कामा नये. मी बारशाला येईन तेव्हा आधी भिंत बघेन आणि मग नातवंड.

तुमची,
विठाबाई

१३ ऑक्टोबर १९५३

बयाबाई विहीणबाई,

कृष्णातचं कार्ड काल मिळालं. शेवंताला एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतोय, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजतात, हे वाचलं आणि ताटावरनं उठले. असं असताना कार्डाच्या शेवटी "बाकी सर्व क्षेम" कसं लिहिता हो?

लगेच आमच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दिल्यात. त्या या पत्रासोबत राधानगरीच्या गाडीवरचा तुमच्या गावचा कंडक्टर आकाराम याच्या हाती देते आहे. कशा द्यायच्या ते पुडीवर लिहून घेतलं आहे. त्यापेक्षा कमी नाही, जास्त तर मुळीच नाही.

कृष्णात लिहितो, "आई म्हणते कोयनेल गरम, प्वाट पडंल." विहीणबाई, मीही हेच ऐकत मोठी झाले. म्हणून डॉक्टरांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "बाई, सांगितली तेवढी गोळी दिली तर पोट पडत नाही. ताप राहिला तर पडेल, आणि नुसतं पोटावर भागणार नाही." शेवटचं बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

तुमच्या गावच्या देवऋषीला काय द्यायचं ते द्या, अंगारा लावा, लिंब ओवाळून टाका. मी नको म्हणत नाही. पण गोळी द्या. कडू लागली तर गुळाच्या खड्यात घाला. आमचा गूळ तुमच्याकडं आहेच.

बंडू आजच निघतो म्हणत होता. मीच थांबवलं. दसऱ्याला नव्या गुळाचे सौदे निघतात, मालकाचा मुलगा अडतीवर नसला तर कसं दिसेल? सौदे झाले की तो येईल आणि तिला घेऊनच येईल. तोवर गोळी चुकवू नका. तुमच्या पाया पडते.

विठाबाई

२३ नोव्हेंबर १९५३

बयाबाई,

रामराम लिहायला हात होत नाही.

तेरावं झालं. माणसं पांगली. बंडू माळ्यावर जाऊन बसतो, जेवायला हाक मारली की खाली येतो, ताटाभोवती पाणी फिरवतो आणि तसाच उठतो. मला काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मला मात्र तुम्हाला विचारायचं आहे. मी पाठवलेल्या गोळ्या देवाच्या कोनाड्यात का सापडल्या? पुडी उघडलीसुद्धा नव्हती. कृष्णातनं बंडूला सांगितलं आणि बंडूनं मला. देव गोळ्या खातो का हो तुमच्याकडं? पोरगी दिवस भरायच्या आधी बाळंत झाली, अंगात रक्ताचा थेंब नव्हता, ताप डोक्यात गेला, नवऱ्याला ओळखेना. तरी तुमचं आपलं गरम आणि थंड!

आणि ती खोली. मयतीनंतर हिवतापखात्याचा माणूस चौकशीला आला, तेव्हा बंडू तिथंच होता. त्या माणसानं भिंतीवर बॅटरी मारली. डास टेकले होते, ओळीनं. त्यानं विचारलं, ही भिंत कुणी सारवली? औषध भिंतीवर असतं, डास येऊन टेकतो तेव्हा मरतो. वरनं शेणमाती फासली की औषध गेलं मातीखाली. बाहेरच्या सोप्यातल्या भिंतीला तुम्ही हात लावला नव्हता, तिथं डास नव्हते. सगळ्या घरात तेवढी एकच खोली तुम्ही डासांना मोकळी करून दिलीत आणि तिच्यात माझ्या सुनेला निजवलंत. कुणी सांगितलं होतं सारवायला?

मी आणि बंडू तर आधीपासून म्हणत होतो, पोरीला इथंच ठेवू या. दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. तुमच्या रीतीपायी पाठवावी लागली. तुमचा हट्ट, तुमची रीत, तुमचं गाव. आणि सोसलं कुणी?

मूल जगलं आहे. मुलगी आहे. तुमच्या भावकीतल्या तानाबाईच्या अंगावर तिच्या पोरासोबत पितेय, म्हणून सध्या तिथं राहू देते. तानाबाईचे उपकार मी विसरणार नाही. पण मूल आमचं आहे. दूध सुटलं की ते कोल्हापूरला येईल.

कृष्णात, वाच. सगळं वाच.

विठाबाई

५ जून १९५४

बयाबाई,

कृष्णात बाजाराला आला होता. चहा घेतला नाही, पायरीवर उभ्या उभ्या तुमचा निरोप सांगितला. सांगताना त्याची मान खाली होती. "आई म्हणती, पैलं बाळातपन म्हायेरी हे तुमीच लिवलंतं. खोली सारवा, येक डाग दिसाय न्हाय पायजे, ह्ये बी तुमीच लिवलंतं. आमी आडानी मानसं. शिकल्याल्या विहिनीनं सांगिटलं तसं केलं. आता आमाला का इचारता, म्हनती."

बरं. असेल लिहिलं.

पण गोळ्या द्या हेही मीच लिहिलं होतं ना? ते नाही ऐकलंत. भिंतीचं ऐकलंत, गोळीचं ऐकलं नाहीत. आता तुम्ही माझ्या दाराशी माझी चूक आणून ठेवा, मी तुमच्या दाराशी तुमची ठेवते. शेवंता उठून येणार आहे का?

पोरीबद्दल बोलू. तिचं नाव आम्ही लीला ठेवलं आहे. तुम्ही तिला शेवंता म्हणून हाक मारता असं कळलं. ते बंद करा. त्या नावानं माझ्या घरात कुणी ओ देणार नाही.

श्रावण संपायच्या आत तिला इथं आणायची. तुमचे तापाचे दिवस तिथं काढायचे नाहीत. तुम्ही म्हणता, "सावत्र आईच्या हातात माजी नात दीत न्हाय." होय, बंडूचं लग्न कबनूरला ठरलं आहे. तो नाही म्हणत होता, मीच ठरवलं. तरणा पोरगा माळ्यावर बसून राहिलेला मला बघवत नाही. पण लीलाला मी वाढवणार. सावत्र आईचा हात तिच्या केसाला लागणार नाही. मी जिवंत आहे अजून.

पंपवाले पुन्हा येतील तेव्हा निदान या वर्षी तरी हात आवरा. वर्षश्राद्ध येईल, घर सारवायला तुमचे हात शिवशिवतील. सारवू नका. श्राद्ध डाग पडलेल्या भिंतीतही होतं.

विठाबाई

१८ ऑक्टोबर १९५४

बयाबाई,

श्रावण गेला, भादवा गेला, तुम्ही पोरगी पाठवली नाहीत. आणि तिला ताप आला. व्हायचं तेच झालं.

बंडू काल तिकडनं आला, रिकाम्या हातानं. मी दारातच उभी होते. तो म्हणाला, पोरगी बरी आहे, ताप उतरला, बयाबाईंनी गोळी मधात उगाळून स्वतः चाटवली, एकदाही चुकवली नाही. बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू. पण त्याच दमात मनात आलं, नातीला दिलीत ती गोळी लेकीला दिली असतीत तर. ते मनातनं जात नाही आणि जाणारही नाही.

मग त्यानं तुमचं म्हणणं सांगितलं. तुमच्याच शब्दांत सांगितलं, तोही आता तुमच्यासारखा बोलायला लागला आहे. "माजी शेवंता ल्हानपनी दरसाल तापायची आन् दरसाल उटायची. मोटी झाली तवा ताप तिच्या वाटंला जाईना. तुमी न्हेली, चार वर्सं शेरात ठिवली, आन् तिचं अंग आमचं पानी इसरलं. परत आली ती पावनी हून आली. पावन्यालाच ताप धरतो. आता ही बाळी तापली, उटली. चार सालं हितं काडली तर आमच्यागत हुईल. तुमी न्हेली तर पुन्ना माज्या दारात येऊ शकायची न्हाय."

मला हसू आलं. अडाण्याची समजूत म्हणून डॉक्टरांना सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई बरोबर बोलतेय. लहानपणापासून ताप येऊन येऊन अंगात जोर येतो, तो शहरात राहिलं की जातो. पहिलटकरणीला तर सगळ्यात जास्त धोका." म्हणजे शेवंता माझ्या घरात चांगलंचुंगलं खाऊन गोरीगोमटी होत होती, तेव्हाच तिचं माहेर तिला परकं होत होतं. हे मला कुणी सांगितलं नाही. बंडूला कळत नव्हतं तरी तो नको म्हणत होता, एवढं खरं.

पण बयाबाई, तुमचा हिशोब मला मान्य नाही. चार सालं तापून जी उठतील ती तुमच्यासारखी होतील. जी उठणार नाहीत त्यांचं काय? तुमच्या वाडीत या साली किती पोरं पुरली ते बंडूनं बघितलंय. लीलाच्या अंगात जोर यावा म्हणून मी तिला त्या पोरांच्या रांगेत उभी करणार नाही. तिला आणायला बंडू दिवाळीच्या आधी येईल. या वेळी तो एकटा येणार नाही, त्याचे वडीलही येतील. गावात तमाशा नको असेल तर मुकाट्यानं द्या.

एक शब्द मात्र देते, अंबाबाईची शपथ घेऊन. तापाचे दिवस नसतात तेव्हा, दर उन्हाळ्यात, तिला तुमच्याकडं पाठवीन. आजी तुम्हीही आहात.

विठाबाई

८ मे १९५६

बयाबाई,

आकारामच्या हाती पाठवलेली करवंदं आणि मध मिळाला. करवंदं पोरीला दिली नाहीत, घसा धरतो तिचा. मध ठेवला आहे.

यंदाही लीलाला पाठवणं जमत नाही. गेल्या साली गोवर होता, यंदा नव्या सूनबाईचे दिवस भरत आलेत, पोरीला घेऊन जायला माणूस नाही. कृष्णात न्यायला येतो म्हणाला, पण एवढ्या लहान पोरीला मामाच्या हवाली करून गाडीच्या धुरळ्यात कशी पाठवायची? शिवाय वळीव पडला की डबकी साचतात. तुमच्याकडं डबक्यांना काय तोटा?

शपथ माझ्या लक्षात आहे, कृष्णातनं आठवण करून द्यायला नको. पुढल्या उन्हाळ्यात बघू.

पोरगी बरी आहे. ताप म्हणून कधी आलेला नाही.

विठाबाई

२० एप्रिल १९५८

बयाबाई विहीणबाईंना रामराम.

कृष्णात परवा आला आणि काल रिकामा परत गेला. काय झालं ते त्यानं सांगितलं नसणार. तो पाणी प्याला आणि गेला. म्हणून मी लिहिते.

आधी चांगलं सांगते. त्यानं गावची सगळी हकीकत सांगितली. वर्षातनं दोनदा पंपवाले येतात, शाळेतल्या सगळ्या पोरांचं रक्त तपासलं, एकाच्याही रक्तात हिवताप निघाला नाही. आणि तुम्ही म्हणे औषध मारून झालं की हातात काठी घेऊन गल्लीत फिरता. एखादीनं शेणाची पाटी उचलली की तिच्या दारात उभ्या राहून ओरडता, "भितीला हात लावशीला तर बग! माजी खोली बगून ये आदी!" मी ऐकत होते आणि निवडायला घेतलेले तांदूळ तसेच सुपात राहिले.

माझ्याकडं आता कारण उरलं नव्हतं. गोवर नाही, बाळंतपण नाही, तापही नाही. तीन उन्हाळे मी कारणं शोधली, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. खरं सांगायचं तर तुमच्या गावचा ताप गेला असं ऐकून मला आधी रागच आला. इतका सोपा होता, तर माझ्या सुनेच्या वेळी का नाही गेला? रात्री बंडू म्हणाला, "अक्का, धाड आता तिला." एवढंच. चार वर्षांत त्यानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

म्हणून काल सकाळी तिला न्हाऊ घातलं. वेणी घातली, नवं परकर-पोलकं नेसवलं. बोचकं बांधलं, त्यात तुमच्यासाठी गुळाची ढेप ठेवली, शेवंताचं एक लुगडं मी जपून ठेवलं होतं तेही ठेवलं. तुमच्या अंगणात पसरा, तिच्या वासाचं काही राहिलं असेल तर. कृष्णातनं पोरीला उचलायला हात पुढं केले.

तिनं दाराची चौकट धरली. दोन्ही हातांनी. अशी किंचाळली की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "मला न्हाय जायाचं! तितं ताप हाय! तितली आजी मला सारवल्याल्या खोलीत निजवंल! माज्या आईला निजवलं तसं!"

कृष्णातनं हात मागं घेतले. माझ्याकडं बघितलं.

तिला हे कुणी सांगितलं, ते तुम्ही ओळखलंच असेल. दूध प्याली नाही की मी म्हणायची, तिकडच्या आजीकडं धाडीन. उन्हात खेळली की म्हणायची, तिकडच्या खोलीत निजवीन. एवढंसं पोर, तिला काय कळतंय, असं वाटायचं. दोनदा मी स्वतः तिच्या बोटांवरनं चौकट सोडवायचा प्रयत्न केला. बोटं पांढरी पडली होती, पण सोडेना. तिचं अंग कापत होतं, शेवंताचं तुमच्याकडं कापलं असेल तसं. मला भीती वाटली आणि मी बोचकं आत नेऊन ठेवलं. रात्रभर ती मला चिकटून निजली. माझ्याशिवाय कुणाजवळ जात नाही. हेच मला हवं होतं. आता ते मिळालं आहे, आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही.

बयाबाई, ती तुमच्याकडं येणार नाही. या साली नाही, पुढल्या साली नाही, कधी ते सांगता येत नाही. तुमच्या गावच्या भिंतींवर मारायला सरकारकडं औषध आहे. माझ्या घरात जे मी मुरवलं त्यावर नाही.

म्हणून तुम्हीच या. लेकीच्या सासरी आई राहत नाही, तुमच्यात ती रीत आहे, मला माहीत आहे. आपण दोघींनी रीती पुष्कळ पाळल्या. कृष्णातबरोबर या, पाहिजे तितके दिवस राहा. सकाळी ती तुळशीपाशी खेळते, तिथं जरा लांब बसा. लगेच हात लावू नका. बोलावलं तर लीला म्हणा नाहीतर शेवंता म्हणा, मी काही म्हणणार नाही. ती तुमच्याजवळ येईल की नाही, त्याची शपथ मात्र मी घेत नाही. एक शपथ मोडून झाली आहे.

कृष्णात, आईला चुलीपाशी बसव आणि हे सगळं वाच. तिला लागेल म्हणून तू ओळी गाळतोस, ते मला माहीत आहे. या वेळी मला वाईट दिसू नये म्हणूनही गाळू नकोस.

विठाबाई